दंड नक्की कुणाला लावायचा?

खारघरमधल्या आमच्या सोसायटीच्या कमिटीत नवीनच आले आणि कचऱ्याचं काम माझ्याकडे आलं. बेलपाडा मेट्रो स्टेशनकडे जाताना गटाराच्या कडेला रोज पिशव्यांचा ढीग असतो. तो हटवायचा कुणी? खारघर वसवलं सिडकोनं, आणि ते ज्या पनवेल महापालिकेत येतं ती झाली १ ऑक्टोबर २०१६ ला. मोकळा भूखंड कुणाचा, गटार कुणाचं, तक्रार कुठल्या टेबलावर द्यायची, मला काही उमजेना.

मग तेव्हा लागू असलेले घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ वाचायला घेतले. कचरा रस्त्यावर, मोकळ्या जागेत, गटारात टाकायचा नाही; जाळायचा नाही, पुरायचाही नाही. ओला, सुका आणि घरगुती घातक असा वेगळा करून द्यायचा, असं त्यांत होतं. न पाळणाऱ्याला जागेवर दंड करता यावा, अशी सोय स्थानिक संस्थेनं उपविधींत करायची. सगळं इतकं स्पष्ट असताना पावती का फाटत नाही?

"मॅडम, टाकणारा कोण?" महापालिकेच्या स्वच्छता निरीक्षकांनी माझे फोटो बघून विचारलं. फोटोत ढीग होता, माणूस नव्हता.

ते मुकादमांना घेऊन आले. मुकादमांनी हातमोजे चढवून एक पिशवी सोडली. कांद्याची सालं, चहाचा चोथा, आंबलेला भात, त्यातच बाळाचे डायपर. तळाशी भिजलेलं कुरियरचं पाकीट. नाव पुसट झालेलं, पण बिल्डिंग आणि फ्लॅट नंबर नीट वाचता येत होता.

त्या फ्लॅटचं दार एका तरुण बाईंनी उघडलं. "घंटागाडी येते तेव्हा आम्ही दोघंही कामावर. खाली डबाच नाही, ठेवायचा कुठे?" त्या खोटं बोलत नव्हत्या. तरीही पावती फाडली ते योग्यच झालं, असं मला वाटतं. ते डायपर शेवटी कुणाच्या तरी हातांनीच उचलले जातात, आणि पाऊस लागला की उरलेलं सगळं गटारातून खाडीत जातं. पण नुसत्या पावतीनं त्यांच्या घरचा उद्याचा कचरा कुठे जाणार? म्हणून त्यांच्या सेक्रेटरींना भेटून जिन्याखाली ओल्या-सुक्याचे डबे ठेवायची गळ घातली. ते तयार झालेत.

पहाटे दुचाकीवरून येऊन पिशवी भिरकावणारे मात्र अजून हाती लागलेले नाहीत. त्यांच्या पिशवीत पत्ता सापडत नाही. गाडीचा नंबर टिपेल असा कॅमेरा लागेल. खर्चाचा ठराव पुढच्या सभेत मांडणार आहे.