शेजार आणि भेट

मराठीत प्रवासवर्णनांना तोटा नाही. अनंत काणेकर, गंगाधर गाडगीळ, पु. ल. देशपांडे, मीना प्रभू अशी ठळक नावे सहज आठवतात. या लेखकांनी आपल्याला देश दाखवले, माणसे दाखवली. ज्या आसनावर बसून लेखक त्या देशात पोचला, ते आसन मात्र आपल्या प्रवासवर्णनांत सहसा दोन-चार ओळींत मागे पडते. प्रवास म्हणजे पोचणे, ही आपली धारणा त्यामागे असावी. पण लांब पल्ल्याच्या विमानात माणूस नऊ-दहा तास एका आसनात राहतो. तिथेच जेवतो, वाचतो, झोपतो. तेवढ्या वेळापुरते ते त्याचे घरच असते. आणि घर बांधणाऱ्याच्या मनात माणसाविषयी काही एक कल्पना असते, तशी आसन घडवणाऱ्याच्याही मनात असतेच. एकाच मार्गावर स्पर्धा करणाऱ्या दोन कंपन्यांच्या बिझनेस क्लासमधून प्रवास केला, तेव्हा अशा दोन कल्पना मला शेजारी-शेजारी ठेवून पाहता आल्या. त्यातली एक ब्रिटिश एअरवेजच्या ‘क्लब वर्ल्ड’ची, दुसरी व्हर्जिन अटलांटिकच्या ‘अप्पर क्लास’ची.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. स्वतःच्या पगारातून असली तिकिटे काढणाऱ्यांपैकी मी नव्हे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. धाकटा भाऊ लंडनला असतो आणि नोकरीनिमित्त सतत उडत असतो. त्याच्या खात्यावर दोन्ही कंपन्यांचे मैल साठले होते. २०१३च्या मे महिन्यात आईला त्याच्याकडे न्यायचे ठरले. तिचे वय तेव्हा सहासष्ट. मणक्याचे दुखणे जुने. सलग दोन तास बसले की कंबर धरते. पाठ टेकून आडवे होता येणार असेल तरच या, असे भावाने बजावले आणि जाताना एका कंपनीची, येताना दुसरीची अशी तिकिटे पाठवून दिली. आमच्या दृष्टीने बिझनेस क्लास म्हणजे चैन नव्हती, नऊ तासांची खाट होती.

ही खाट विमानात आली तीही स्पर्धेतूनच. बिझनेस क्लास हा प्रकार १९७०च्या दशकाच्या अखेरीचा. सवलतीची तिकिटे वाढू लागली, तेव्हा पूर्ण भाडे भरणारे कुरकुरू लागले. मग त्यांना पुढे बसवून मध्ये पडदा ओढण्यात आला. पुढे १९८४ मध्ये रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या व्हर्जिन अटलांटिकचे पहिले विमान गॅटविकहून न्यूअर्कला गेले. या कंपनीने फर्स्ट क्लास ठेवलाच नाही. बिझनेसच्या भाड्यात त्या तोडीची सेवा, असा तिचा दावा होता. तिच्याविरुद्ध वापरलेल्या गैरमार्गांचे प्रकरण न्यायालयात गेले आणि जानेवारी १९९३ मध्ये ब्रिटिश एअरवेजला जाहीर माफी मागावी लागली. भरपाईपोटी ब्रॅन्सन यांना पाच लाख आणि त्यांच्या कंपनीला एक लाख दहा हजार पौंड मिळाले. ब्रॅन्सन यांनी ती रक्कम कर्मचाऱ्यांत वाटून टाकली. या वैराची पुढची लढाई आसनांवर झाली. २००० मध्ये ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारी सहा फुटी शय्या आणली. २००३ मध्ये व्हर्जिनने आपल्या सपाट शय्येने तिला उत्तर दिले.

दोन्हीकडे अडचण एकच होती. विमानाची रुंदी ठरलेली. आडवा झालेला माणूस बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी अधिक जागा खातो. आणि तिकिटे तर विकली गेली पाहिजेत. ब्रिटिश एअरवेजसाठी टँजरीन या लंडनच्या संस्थेने जी युक्ती काढली, ती ‘यिन-यांग’ म्हणून ओळखली जाते. खांद्यापाशी माणूस रुंद असतो आणि पायांशी निमुळता. तेव्हा लगतच्या दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना केली, की एकाच्या खांद्यांशेजारी दुसऱ्याचे पाय येतात आणि जागा वाचते. म्हणून वाटेलगतचा प्रवासी पुढे तोंड करून बसतो आणि खिडकीजवळचा मागे. परिणामी दोघे जवळजवळ समोरासमोर येतात. मधला पडदा बटणाने वर-खाली होतो. पण उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी तो खाली ठेवावा लागतो. म्हणजे ज्याचे नावही ठाऊक नाही अशा माणसाच्या तोंडाकडे पाहतच जमीन सोडायची.

आई खिडकीशी होती, मी वाटेलगत. “अगं, आपण उलट्या चाललोय का?” तिने विचारले. मी म्हटले, “तू उलटी, मी सुलटी.” विमान चढू लागले तशी मी पाठीला रेलले आणि ती पट्ट्याच्या आधाराने किंचित पुढे, माझ्याकडे झुकली. तिच्या चेहऱ्यामागे मुंबई खाली खाली जात होती. नंतर तिचे जेवणाचे ताट मधल्या आडोशावरूनच आत दिले गेले. तिने ते दोन्ही हातांनी, प्रसाद घ्यावा तसे घेतले. तिला उठायचे झाले की माझे पसरलेले पाय ओलांडून जावे लागे. तेव्हा मीच उठून वाट करून देई.

हे सारे मला परके वाटले नाही. कोल्हापूरहून मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसने आलो, तेव्हाही समोरच्या बर्थवर कुणी तरी होतेच. रेल्वेने आपल्याला समोरासमोर बसायची सवय लावली आहे. त्यातून डबे उघडतात, चौकशा होतात, लग्नेही जुळतात. क्लब वर्ल्डची ती रचना म्हणजे श्रीमंत रेल्वेच. तिने पडदा दिला, पण शेजार काढून घेतला नाही. पुढचे काही तास मी तो पडदा वर केला नाही. आई झोपली होती. आईचा झोपलेला चेहरा इतका वेळ, इतक्या जवळून मी तोवर पाहिला नव्हता. घरात ती सर्वांच्या आधी उठे आणि सर्वांच्या नंतर झोपे. त्यामुळे तिची झोप ही आम्हा मुलांच्या दृष्टीने जवळजवळ ऐकीव गोष्ट होती.

परतीच्या प्रवासात व्हर्जिनचे विमान होते. तिथली आसने माशाच्या काट्यांसारखी तिरकी मांडलेली होती. इंग्रजीत या मांडणीला हेरिंगबोन म्हणतात. प्रत्येकाचे पाय वाटेकडे आणि डोके बाहेरच्या अंगाला. खिडकीकाठच्या प्रवाशालाही खिडकी पाठीमागेच येते. बाहेर पाहायचे तर मान वळवावी लागते. प्रत्येकाभोवती आडोसा असतो, प्रत्येकाला वाटेवर उतरायची स्वतःची जागा असते. कुणाला कुणाचे पाय ओलांडावे लागत नाहीत. आमच्या दोन जागा एकामागे एक होत्या. मला आईच्या बाजूचा आडोसा दिसत होता, आई नाही.

या रचनेचीही एक खुबी आहे. पायांशी एक लहानसे बैठे आसन असते. एरवी ते पाय ठेवण्यासाठी. पण त्यावर पाहुणा बसू शकतो, त्याच्यासाठी पट्टाही असतो. मधले मेज ओढले की दोघांना समोरासमोर जेवता येते. शिवाय विमानात एक छोटा बार आहे, उंच स्टुले आहेत. ज्याला माणसे हवीत त्याने उठून तिथे जावे. आई त्या आसनाकडे बोट दाखवून म्हणाली, “ये, बस.” तिच्या आवाजात यजमानीण होती. मी तिच्याकडे जेवायला गेले, हा शब्दप्रयोग इथे अक्षरशः खरा आहे. जेवण आटोपल्यावर ती म्हणाली, “आता जा तू, मी पडते जरा.” तिथल्या सेविकेने तिला उभे राहायला सांगून आसन उलटे केले, वर गादी व चादर अंथरली. झोपताना घालायला दिलेला काळा पोशाख आईने घडी न मोडता पिशवीत टाकला आणि ती आडोशाआड गेली.

दोन विमानसेवांची तुलना करणारे सहसा इंच मोजतात. गादी, मद्य, चीज यांचे गुण मांडतात. तेही हवेच, मणका दुखत असेल तर इंचाला मोल असते. पण माझ्या लेखी या दोन कंपन्यांमधला खरा फरक दोन मराठी शब्दांत सांगता येतो. पहिलीकडे शेजार होता, दुसरीकडे भेट. शेजार आपण निवडत नाही. तो असतो, आणि नकोसा झाला तर पडदा ओढायचा असतो. भेट आपण ठरवतो. एरवी आपण एकटे असतो. पहिल्या रचनेत एकांत मुद्दाम मिळवावा लागतो, दुसरीत सोबत.

मला पहिली अधिक भावली. आईला दुसरी. आमची मते आजही जुळलेली नाहीत. तिचे म्हणणे तिने घरी आल्यावर एका वाक्यात सांगितले: “तिथं माझ्याकडं कोणी बघत नव्हतं.” या वाक्याचे वजन कळायला तिचे घर माहीत असावे लागते. लग्न होऊन ती आली ती चौदा माणसांच्या घरात. ओसरी पुरुषांची, देवघर सासूबाईंचे, माजघर सर्वांचे, स्वयंपाकघर कामाचे. तिचे म्हणावे असे त्या घरात एक लाकडी कपाट होते, आणि त्याची किल्ली आजीच्या कमरेला असे. जी माणसे अशा घरांत वाढली नाहीत, त्यांना त्या घरांतल्या गजबजीचे हळवे कौतुक वाटते. मी त्या घराच्या उतरत्या काळात वाढले. माझ्या वाट्याला गजबज आली, पण स्वतःची खोलीही आली. म्हणून मला समोरासमोरचे आसन जिव्हाळ्याचे वाटते. जिने आयुष्यभर शेजारच भोगला, तिला चार फुटी आडोशाची किंमत माझ्यापेक्षा अधिक कळते.

अर्थात दोन्ही विमानांत आमच्या मागे तो मूळचा पडदा होताच. त्याच्या पलीकडे कितीतरी अधिक माणसे, त्यांत आईइतकी दुखरी कंबर असलेलीही काही असतील, तेवढेच तास ताठ बसून होती. त्यांना ना शेजार निवडता येत होता, ना भेट. त्यांच्या वाट्याला होती ती सामायिक हातटेकणी. एकांत ही गरज आहे की माल, हा प्रश्न त्या पडद्यापाशी येऊन थांबतो. पुढच्या बाजूला तो माल आहे, एवढे खरे. पण मागच्या बाजूला ती गरज नसते असे नव्हे.

त्यानंतर आसने आणखी बदलली. २०१७ मध्ये कतार एअरवेजने बिझनेस क्लासच्या आसनाला सरकते दार दिले. २०१९ मध्ये ब्रिटिश एअरवेजनेही नव्या ‘क्लब स्वीट’मध्ये सर्वांची तोंडे पुढे केली आणि प्रत्येकाला दार दिले. समोरासमोरची ती रचना तेव्हापासून मागे हटत गेली. शेजार आणि भेट यांच्या स्पर्धेत अखेर दार जिंकले, असे म्हणता येईल. मात्र या दाराचा एक नियम मला महत्त्वाचा वाटतो. ते छतापर्यंत पोचत नाही, सेवकांना बाहेरून उघडता येते, आणि जमीन सोडताना व जमिनीवर येताना ते उघडे ठेवावेच लागते. सुरक्षेसाठी केलेला हा नियम. पण माणसाला किती एकटे सोडावे याविषयी इतका समंजस नियम घराघरांतही क्वचितच असतो.

आई आता ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे. गेल्या वर्षी ती दोनदा तोल जाऊन पडली. तेव्हापासून तिच्या खोलीचे दार रात्री उघडे असावे, असा माझा आग्रह आहे, आणि बंद असावे, असा तिचा. आमची तडजोड अशी, की दार लोटायचे, कडी लावायची नाही. रात्री त्या दाराशी थांबून मी तिच्या श्वासाचा अंदाज घेते. आत जात नाही. बोलावणे सकाळी येते, चहाच्या वेळी: “ये, बस.”