जुन्या रेग्युलेटरला नवं रबर

पाण्याखाली श्वास देणारं जुनं यंत्र कारखान्यातून जसं बाहेर पडलं तसंच राहायला हवं, असं मी कैक वर्षं ठासून सांगत होतो. साफ करा, गंज काढा, पण आजचा एकही भाग त्यात घालू नका. घातलात की तो रेग्युलेटर जुना उरला नाही. डायव्हिंगच्या मित्रमंडळींत यावरून मी वादही घातले आहेत. आता माझं मत तसं राहिलेलं नाही. ते पालटलं वर्कबेंचवर, हातात पाना आणि प्रेशर गेज असताना, हळूहळू.

मी मालवणचा. इंजिनिअर म्हणून कॅलिफोर्नियात आलो आणि इथलाच झालो. लहानपणी डोळ्यांसमोर सिंधुदुर्ग असायचा. पुढे ठिकठिकाणचे गड पाहताना चुन्याच्या जुन्या सांध्यांत सिमेंट थापलेलं दिसलं की अंगावर काटा यायचा. इथे एका गॅरेज सेलमध्ये मला यू. एस. डायव्हर्स कंपनीचा दोन नळ्यांचा ॲक्वा-मास्टर मिळाला, तेव्हा माझी नजर तीच होती. पितळेवर क्रोम चढवलेली, पाठीवर बसणारी गोल पेटी आणि दोन्ही खांद्यांवरून तोंडाशी येणाऱ्या नागमोडी रबरी नळ्या. 1958 ते 1961 या काळात अमेरिकेच्या टीव्हीवर गाजलेल्या ‘सी हंट’मध्ये लॉईड ब्रिजेस अशाच दोन नळ्यांचे रेग्युलेटर लावून पाण्यात उतरायचा. असल्या वस्तूला हात लावताना भीड वाटते.

पण रेग्युलेटर नुसता पाहायचा नसेल, वापरायचा असेल, तर तो उघडावाच लागतो. सिलिंडरमधली हवा दोनशे बारच्या घरात दाबलेली असते. पहिली स्टेज तो दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा आठ-दहा बार जास्त, इथवर खाली आणते. दुसरी स्टेज तो आणखी उतरवून पाण्याच्या दाबाइतकाच करते. आपण श्वास ओढला की रबरी पडदा आत येतो, पडदा तरफ दाबतो, तरफ झडप उघडते. हवा उजव्या नळीतून तोंडात येते. उच्छ्वास डाव्या नळीतून मागे जाऊन बदकाच्या चोचीसारख्या एका रबरी झडपेतून बाहेर पडतो.

पेटी उघडली तेव्हा धातू जवळजवळ शाबूत होता. हिरवट थर पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने निघाला. त्यात फार वेळ ठेवलं तर पितळेतलं जस्त निघून ते गुलाबी पडतं, एवढंच जपायचं. पडदा मात्र पापडासारखा कडक झाला होता. नळ्यांच्या घड्यांत बारीक चिरा होत्या, चोचीची दोन पानं एकमेकांना चिकटली होती आणि हाय-प्रेशर सीटवर गोल खड्डा पडला होता. अशी सीट नीट बंद होत नाही. गेज लावून पाहिलं तर काटा ठरल्या जागी थांबायचं सोडून सावकाश वर सरकत राहतो, आणि शेवटी दुसऱ्या स्टेजमधून हवा गळू लागते.

माझ्या मताला पहिला तडा इथे गेला. यातला प्रत्येक भाग बदलण्यासाठीच केलेला होता. सीट, ओ-रिंग, पडदे हे सगळं सर्व्हिसिंगला बदलायचं, असं कंपनीच गृहीत धरत होती. मी ‘मूळ’ म्हणून जपत होतो ते रबर 1960च्या दशकातल्या मेकॅनिकने केव्हाच कचऱ्यात टाकलं असतं. गडाच्या सांध्यांतला चुनासुद्धा झिजतो आणि पुन्हा भरावाच लागतो. तक्रार चुना भरण्याबद्दल नसते, सिमेंट भरण्याबद्दल असते. मग सिलिकॉनचा पडदा हे सिमेंट की चुना? तो मूळ पडद्याच्याच मापाचा, त्याच जागी बसणारा, त्याच तरफेला तसाच टेकणारा. फरक इतकाच की तो लवकर कडक होत नाही. मी तो बसवला.

दुसरा तडा इतिहासाने दिला. युद्धकाळात फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई असताना एमिल गान्यां हा एअर लिक्विड कंपनीचा इंजिनिअर मोटारी गॅसवर चालवण्यासाठीच्या झडपेवर काम करत होता. त्याच झडपेपासून त्याने आणि जाक-इव्ह कुस्तोने 1943 मध्ये ॲक्वा-लंग घडवलं. मार्न नदीत पहिली चाचणी झाली तेव्हा आडवं पोहताना ते ठीक चालत होतं, पण उभं राहिलं की हवा भसाभस वाया जायची आणि डोकं खाली केलं की श्वास ओढणं अवघड व्हायचं. उच्छ्वासाची वाट आणि हवा येण्याची जागा यांच्या उंचीत काही इंचांचा फरक होता आणि तेवढ्या पाण्याचा दाब सगळं बिघडवत होता. त्यांनी दोन्ही एका पातळीवर आणलं आणि यंत्र चाललं. दोन नळ्यांच्या रेग्युलेटरमध्ये उच्छ्वासाची नळी पुन्हा मागे पडद्यापाशी जाते ती याच कारणाने. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो, तेच एक सुधारणा करून जन्मलेलं. कुठल्या वर्षाचं रबर आहे याला मी जे महत्त्व देत होतो, ते खरं तर या रचनेला द्यायला हवं होतं.

एक साधा हिशेबही मला गप्प करून गेला. त्या काळचं स्टीलचं ‘72’ सिलिंडर 2250 पीएसआयचं. आजचं ॲल्युमिनियमचं ‘80’ 3000 पीएसआयपर्यंत भरतात. माझ्या ॲक्वा-मास्टरची पहिली स्टेज अनबॅलन्स्ड आहे. तिची सीट सिलिंडरच्या दाबानेच बंद बाजूला ढकलली जाते, म्हणून सिलिंडरचा दाब बदलला की दोन स्टेजच्या मधला दाबही बदलतो. आजच्या सिलिंडरवर लावला की माझा अस्सल रेग्युलेटर डायव्हच्या सुरुवातीला 1960 सालाप्रमाणे वागतच नव्हता. कंपनीने याच घराण्यात पुढे रॉयल ॲक्वा-मास्टर काढला तो बॅलन्स्ड, म्हणजे सिलिंडर भरलेलं असो वा रिकामं होत आलेलं, श्वास बराचसा सारखाच.

इतकं झालं तरी पोर्ट, म्हणजे जास्तीच्या नळ्यांसाठीची तोंडं, जोडायला मी तयार नव्हतो. या रेग्युलेटरला जास्तीची नळी लावायला जागाच नसते. दुसऱ्याला हवा देणारा ऑक्टोपस नाही, जॅकेटमध्ये हवा भरायची सोय नाही. हवा संपत आल्याची खूण म्हणजे जे-व्हॉल्व्ह: सिलिंडरमध्ये साधारण 300 पीएसआय उरले की श्वास जड होतो, मग दांडी ओढून राखीव हवा सोडायची. दांडी आधीच चुकून खाली आली असेल तर राखीव म्हणून काही उरलेलंच नसतं. ‘लोक अशानेच डायव्ह करायचे’, असं मी अभिमानाने सांगायचो.

माझ्या मुलीने डायव्हिंगचं प्रशिक्षण पुरं केलं आणि आमचं कॅटलिना बेटावर कसिनो पॉइंटला जायचं ठरलं. सामान भरताना तिने विचारलं, “बाबा, माझी हवा संपली तर तू मला कुठून देणार?” माझं तोंडातलं माउथपीस तिला देईन, आपण आळीपाळीने श्वास घेऊ, असं मी म्हणालो खरा. पण बोलता बोलताच मला दिसत होतं: नळ्या आखूड, माउथपीस पाठीवरच्या पेटीच्या वर धरलं की त्यातून हवा उसळून वाहणार, आणि घाबरलेल्या माणसाला हे सगळं केल्पच्या जंगलात जमवायचं. मूळ रूपाचा हट्ट माझा होता; त्याची जोखीम मात्र तिच्यावर पडत होती. पहिल्या स्टेजची मूळ बॉडी काढून तिथे लो-प्रेशर आणि हाय-प्रेशर पोर्ट असलेली नवी बॉडी बसवता येते. आता मी ती बसवली आहे. तिच्यावर ऑक्टोपस आहे, प्रेशर गेज आहे. पेटी, तरफा, नळ्यांची वाट, सगळं जिथल्या तिथे. बुडबुडे अजूनही डोक्याच्या मागून निघतात, चेहऱ्यासमोर आवाज नसतो आणि कॅटलिनाचे केशरी गॅरिबाल्डी मासे हाताच्या अंतरावर येतात. या अनुभवासाठीच तर मला जुना रेग्युलेटर हवा होता.

म्हणून मी दुसऱ्या टोकाला गेलो असं नाही. श्वास शक्य तितका हलका करण्याची चढाओढ मला पटत नाही. आजची चांगली दुसरी स्टेज तीन-चार सेंटिमीटर पाण्याइतक्या ओढीने उघडते. तो आकडा गाठायला लोक जुन्या तरफा वाकवतात. पण पालथं पोहताना पाठीवरचा पडदा फुप्फुसांच्या वर पंधरा-वीस सेंटिमीटर असेल, तर तेवढा दाब दर श्वासाला आपणच ओढून काढायचा असतो. तरफ वाकवून तो कमी होत नाही, उलट उताणं वळलं की हवा जास्तच वाहते. मी पट्टे आवळून सिलिंडर थोडं खाली घेतलं, पेटी खांद्याच्या हाडांच्या मधोमध, पाठीला लागून बसवली. फुकटात झालेला हा बदल बाकी सगळ्या भागांपेक्षा जास्त जाणवला.

माझ्याकडे एक मिस्त्रालही आहे, एकाच स्टेजचा रेग्युलेटर. त्यात सिलिंडरचा दाब एकदमच उतरतो. मधला दाब म्हणून काही नसतोच, त्यामुळे ऑक्टोपसला हवा घ्यायला जागाच नाही. त्याच्या रचनेला मी हात लावत नाही. तो वापरायचा तर उथळ पाण्यात, सोबत वेगळी छोटी बाटली आणि तिच्यावर आजचा रेग्युलेटर. दोघांनाही मी पुन्हा क्रोम चढवलेलं नाही, पुसट झालेली लेबलं बदललेली नाहीत. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवला आहे. पुढे कुणाला ॲक्वा-मास्टर मूळ रूपात हवा असेल तर तासाभरात होईल. जो बदल मागे घेता येत नाही, तो मी करत नाही.

कुणी जुना रेग्युलेटर दाखवायला आणला की पूर्वी मी त्याचं साल विचारायचो. हल्ली विचारतो: कुठल्या सिलिंडरवर लावणार, किती खोल जाणार, सोबत कोण असणार? ‘कपाटात ठेवणार’ असं उत्तर आलं तर एक ओ-रिंगही बदलू नका म्हणतो. पाण्यात जाणार असाल, तर आधी रबर बदला, सीट बदला, गेज लावून काटा स्थिर राहतो का बघा, आणि सोबतच्या माणसाला हवा कुठून देणार ते जमिनीवरच ठरवा.