पुस्तक मिटल्यावर हातांना काय द्यायचं?

डहाणू, १२ जुलै

चि. मेघना,


तुझ्या ओवीला तिसरं वर्ष संपलं, ती एकेक पुस्तक पुन्हा पुन्हा वाचायला लावते आणि तुला त्या पुस्तकांवरून ‘सेन्सरी प्ले’चे, म्हणजे हाता-डोळ्यांना काही देणारे, वीस खेळ हवेत, तेही वारांप्रमाणे लिहून! वीस नाही देत. एक युक्ती सांगते. ती जमली की खेळ तुझे तुलाच सुचतील.

बहुतेक ठिकाणी काय चालतं, तू पाहिलंच असशील. पुस्तकात समुद्र आला की टबात निळं पाणी आणि प्लास्टिकचे मासे. जंगल आलं की हिरवा रंगवलेला तांदूळ आणि त्यात प्लास्टिकचा वाघ. मूल रमतं, नाही असं नाही. पण पुस्तक निमित्तापुरतंच राहतं. मी वेगळं करते. गोष्टीत काय आहे ते बाजूला ठेवायचं आणि चित्रकारानं हे चित्र केलं कसं, ते बघायचं. कागद फाडलाय? ठसा मारलाय? बोटानं रंग ओढलाय? त्यानं जे केलं, ते मुलाच्या हातांना करू द्यायचं.

एरिक कार्लची ती खादाड अळी तुमच्याकडे आहेच. १९६९ सालचं पुस्तक. पंचिंग मशीननं कागदांना भोकं पाडताना कार्लला ते सुचलं. आधी त्याच्या मनात पुस्तकात राहणारा किडा होता, त्याची अळी करायची कल्पना त्याच्या संपादिकेची. भोकांची आणि कमीजास्त रुंदीची ती पानं अमेरिकेत परवडतील अशा खर्चात होईनात, म्हणून पुस्तक जपानमध्ये छापलं. ओवी त्या भोकात बोट घालते ना? घालू दे, पुस्तक त्यासाठीच तसं केलंय. आता त्यातली फळं नीट बघ. कार्लनं ती थेट रंगवलेली नाहीत. पातळ टिश्यू कागद आधी रंगवून वाळवायचे, मग त्यातून आकार कापून चिकटवायचे, ही त्याची रीत. म्हणून एकाच रंगात रेघा, ठिपके, ब्रशचे ओरखडे दिसतात.

तू पतंगाचा पांढरा कागद आण. पहिल्या दिवशी नुसता रंगवायचा, ब्रशनं, स्पंजनं, जुन्या कंगव्यानं. फळबीळ काढायचं नाही. ओला असताना हा कागद बोटाला चिकटून वर येतो, जोर लावला तर फाटतो. वाळला की हातात कुरकुरतो. एकाच कागदाचे हे दोन स्वभाव कळणं हाच त्या दिवसाचा खेळ. दुसऱ्या दिवशी तो फाडायचा आणि खळीनं चिकटवायचा. भोकं पाडायला पंचिंग मशीन दे, फक्त दाबताना तिच्या हातावर तुझा हात हवा. आणि खरी अळी बघायची तर गॅलरीतल्या कढीपत्त्यावर नजर ठेव. त्याच्यावर फुलपाखरं अंडी घालतात. लहानपणी त्यांच्या अळ्या थेट पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात. त्या मात्र डोळ्यांनीच बघायच्या.

एझ्रा जॅक कीट्सच्या ‘द स्नोई डे’चं (१९६२) असंच. ओवीनं बर्फ पाहिलेला नाही, म्हणून लोक परातीत शेव्हिंगचा फेस ओततात. कीट्सनं काय केलं होतं? खोडरबर कापून हिमकणांचे ठसे मारले होते आणि टूथब्रशनं शाई शिंपडली होती. आपण शाळेत पिंपळाचं पान ठेवून टूथब्रशनं रंग उडवायचो, तेच की हे! भेंडीचा ठसा आणि जुना टूथब्रश, बस्स.

आता माझ्या मुलखाचं. ‘तारा बुक्स’चं ‘डू!’ हे वारली चित्रकारांनी केलेलं पुस्तक आहे. त्यात सगळे सतत काही ना काही करत असतात. मूळ वारली चित्र म्हणजे गेरूच्या भिंतीवर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून काढलेलं. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद जमिनीवर पसर आणि वाटीभर पाण्यात चमचाभर पीठ दे. ओली रेघ आधी जेमतेम दिसते. मग वाळता वाळता पांढरी उमटत जाते आणि मूल तिथेच बसून बघत राहतं. याच पट्ट्यात, बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी उभी केली, पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम नेलं. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच त्यांची साधनं. तुझा तो ऑनलाइन मागवायचा महागडा संच राहू दे.

माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ घेतलंस तर सामानच लागत नाही. लेखन त्यांचं, चित्रंही त्यांची. आणि त्यांनी केलंय ते घरातली माणसं निरखणं. ओवीलाही तेच करू दे. डोळे मिटून हात चाचपायचे आणि माणूस ओळखायचा. आजीच्या बांगड्या, बाबाची खरखरीत हनुवटी, तुझ्या हाताला येणारा लसणीचा वास.

सासूबाई म्हणतात अन्नाशी खेळू नये, असं लिहिलंयस. बरोबर आहे त्यांचं. किलोभर तांदूळ रंगवून टाकून देण्यापेक्षा ओवीला मटार सोलायला बसव, कणकेचा गोळा दे, त्याची वेडीवाकडी पोळी भाजून तिला वाढ. हाताला तेवढंच मिळतं आणि आजीही खेळात येते.

दोन गोष्टी मात्र पाळ. वाटाणे, राजमा, मणी नाकात-कानात-घशात जातात, तेव्हा समोर बसूनच खेळू दे. आणि पाणी टबात थोडं असलं तरी तिला एकटी सोडून उठायचं नाही, दाराची बेल वाजली तरीही.

एखाद्या दिवशी ती चिकट पिठाला हात लावणार नाही. नाही तर नाही. चमचा दे, काडी दे. चार दिवसांनी बोट आपणहून जाईल. ‘हे काय काढलंस?’ असंही लगेच विचारू नकोस, तिनं काही काढलेलंच नसतं. हात धुतले की पुस्तक जवळ ठेव आणि गप्प बस. ‘यानं पण फाडलंय’ असं काहीतरी म्हणत तिनं पान उघडलं, तर खेळ जमला. नाही उघडलं, तर तेच पुस्तक पुढच्या आठवड्यात पुन्हा. नवं पुस्तक घाईनं काढायचं नाही.

खाकी कागद या रविवारीच आण. सासूबाईंना नमस्कार, ओवीला गोड पापा.

तुझी,
मावशी