बंडूची पोळी

बंडू आमच्याकडे आला तेव्हा कुत्रं पाळायचं म्हणजे काय, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आई त्याच्यासाठी रोज शेवटची पोळी लाटायची. पुढे तो सारखे पंजे चाटायला लागला. खाजवून खाजवून काखा नि पोट लाल, कान सतत झटकणं. गोचीड नाही, पिसू नाही, ऋतू बदलला तरी खाज तीच. डॉक्टर म्हणाले, अन्नाची अ‍ॅलर्जी असू शकते. गव्हाचीसुद्धा.

गव्हाची? मी चक्रावून गेले. रक्त तपासू या, म्हटलं, तर या बाबतीत रक्ताच्या किंवा लाळेच्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही म्हणाले. २०१६ साली एका आढाव्यात अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. त्यांत गोमांस ३४ टक्के, दूध १७, कोंबडी १५ आणि गहू १३ टक्के कुत्र्यांना बाधला होता. म्हणजे एकट्या पोळीला आरोपी ठरवता येत नव्हतं.

उपाय एकच होता. किमान आठ आठवडे, त्याने आधी कधीच न खाल्लेलं अन्न. आमच्याकडे मासे शिजत नसत, म्हणून काटे काढलेला उकडलेला मासा आणि रताळं ठरलं. बाकी काहीही नाही, चव घातलेल्या औषधाच्या गोळ्यासुद्धा नाहीत. खरी कसोटी घरच्यांची होती. वॉचमनकाका प्रेमाने ग्लुकोज बिस्कीट द्यायचे. आजीच्या ताटाखाली तुकडे सांडायचे. माया करणाऱ्या माणसाचा हात धरायचा कसा?

हळूहळू कान सुकले, पोटावर केस आले. आणि डॉक्टर म्हणाले, आता जुनं अन्न एकेक करून परत द्या. मला रडूच आलं. बऱ्या झालेल्या जिवाला पुन्हा का छळायचं? पण त्याशिवाय गुण नक्की कशाने आला ते कळत नाही, हे पटलं. कोंबडी सोसली. दूध सोसलं. पोळी दिली आणि काही दिवसांत तो पुन्हा पंजे चाटत बसला.

ज्वारी मात्र मानवली. आई आता त्याच्यासाठी भाकरी थापते. पिठाचा डबा वेगळा ठेवलाय, आणि गिरणीवाल्या दादांना मी दर वेळी बजावते, "गव्हावर नको हं, ज्वारीवरच दळा."