चीड ओळखावा कसा?

बद्री-केदारच्या यात्रेला आपल्यापैकी पुष्कळजण जातात आणि वाटेतल्या प्रत्येक उंच झाडाला देवदार समजून हात जोडतात. मीही यात्रा केली. पण शेतकी खात्यातली खोड, पाने मोजल्याशिवाय राहवेना. तुम्हीही मोजा.

एका जुडीत तीन सुया, वीतभर लांब, तर तो चीड. साधारण ५०० ते २००० मीटर उंचीवर, उन्हाच्या उतारावर तो वाढतो. पाच सुया आणि लांबट, लोंबती फळे दिसली तर तो कैल. त्याची वस्ती त्याहून वर, थंडीत. देवदाराच्या सुया आखूड, गुच्छागुच्छाने. आपल्या कोकणातला सुरू मात्र या कुळातला नव्हेच. त्याची सुई म्हणजे बारीक पेरांची काडी, ओढली की सांध्यात सुटते.

चिडाला राळ असते. त्याच्या वाळल्या सुयांना तिकडे पिरूल म्हणतात. त्या झटकन पेटतात. यात्रेची गर्दी उन्हाळ्यात, वणवेही तेव्हाच. एका थोटकाने डोंगर जळतो, खालच्या गावाची वैरण आणि सरपण जाते. कडब्याची गंजी जळाल्याचे दुःख आपल्याला ठाऊक आहे. म्हणून जुडीत तीन सुया दिसल्या, की विडी खिशातच राहू द्या.