वस्तीची गाडी

कळंबला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर बार्शी, येडशी नाहीतर धाराशिव गाठावं लागतं. पकडली तरी सोबत कुत्रा असेल तर दोनच वाटा उरतात. एक, एसी फर्स्टचा आख्खा कूपे आपल्या नावावर घ्यायचा. दोन, कुत्र्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत टाकायचं आणि प्रत्येक स्टेशनवर खाली उतरून तो जिवंत आहे ना ते बघायचं. आमच्याकडे कुत्रे दोन होते आणि वडील एक. तिघांपैकी कुणीही पेटीत बसायला तयार नव्हतं.

अण्णा एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. आई गेल्यावर ते कळंबच्या घरात एकटे राहिले. एकटे म्हणजे हरण्यासोबत. हरण्या कारवानी जातीचा आहे. लांब तोंड, आत ओढलेलं पोट, काटकुळे पाय. लातूर, सोलापूर, धाराशिवकडे ही जात जुनी. आखूड केसांचा तो कारवानी, कानांवर नि शेपटीवर झुलपं असलेला तो पश्मी. कर्नाटकात मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी यांचीच पैदास नावारूपाला आणली, म्हणून तिकडे मुधोळ हाउंड. त्याच्यावर २००५ साली पोस्टाचं तिकीटही निघालं. व्यापाऱ्यांच्या काफिल्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, ही कुत्री आपल्याकडे आली आणि नाव तिथूनच पडलं, असं सांगतात. पूर्वी ती सशामागे सोडायची. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बंद झालं, पण हरण्याच्या पायांना तो कायदा कुणी वाचून दाखवलेला नाही.

माझी कुत्री पुण्याच्या रस्त्यावरची. पांढरी. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून तिचं नाव ठेवलं बग. अण्णांनी पहिल्याच दिवशी ते बगळी केलं आणि ती त्याच नावाला ओ द्यायला लागली.

मी अण्णांना पुण्याला चला म्हणायचे. ते म्हणायचे, "हरण्याचं काय?" सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्येच सांगून ठेवलंय. पण घरमालकाला भाडेकरू बदलता येतो, आणि एक कुत्रा तो जेमतेम खपवून घेत होता. शिवाय खरं कारण हरण्या नव्हता, हे आम्हा दोघांना माहीत होतं. आई गेल्यापासून अण्णा कुणाशी बोलत नव्हते. फोन वाजला तर तो वाजू द्यायचे. दोन वर्षांत ते कळंबच्या बाहेर पडले नव्हते, आणि हा माणूस एकेकाळी रोज तीनशे किलोमीटर हिंडायचा.

म्हणून मी एक जुनी सात सीटची डिझेल व्हॅन घेतली. गाडीच्या रचनेत कायमचा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि मोटर कॅरव्हॅन म्हणून नोंदवायची तर तिची वेगळी मानकं आहेत. आम्ही त्या वाटेला गेलोच नाही. मागच्या सीटा दुमडल्या, त्यावर प्लायची फळी आणि गादी टाकली. एक बॅटरी, छोटा पंखा, खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी, वीस लिटरचे दोन पाण्याचे कॅन. संध्याकाळी सगळं उचलून बाहेर ठेवलं की पुन्हा सात सीटची गाडी. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात असतं तसलं वीज-पाण्याची सोय असलेलं पार्क आमच्या वाटेवर नव्हतं. आमचा भरवसा पेट्रोलपंप आणि देवस्थानांच्या आवारांवर.

अण्णांना मी विचारलं, कुठे जायचं? ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "रत्नांग्रीला गेलो न्हाई कवा. गाडी पंढरपूरपस्तोर न्यायचो, फुडं दुसरा न्यायचा." दिवाळी झाल्यावर निघालो. येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर. हा सगळा त्यांचा रस्ता. पण लक्षात आलं, की त्यांना प्रत्येक गाव फक्त स्टँडपुरतं माहीत आहे. कुठल्या स्टँडवर पाणी गोड, कुठल्या कँटीनचा चहा पाणचट. गाव कसं आहे विचारलं तर म्हणायचे, "गावात कोण गेलंय?"

पहिली अडचण पांगरीच्या आधीच. बगळीला गाडी लागली. कुत्र्यांना माणसांसारखीच गाडी लागते. निघायच्या तीन-चार तास आधी खायला न देणं, काच थोडी उघडी ठेवणं आणि दर दोन तासांनी खाली उतरवणं यानं बरंच निभावतं. औषध द्यायचं तर कुत्र्याच्या डॉक्टरला विचारूनच. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल, आयब्रुफेन कुत्र्याच्या जिवावर उठू शकते. उभी गाडी उन्हात दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास तापते, हिवाळ्यातलं ऊनही त्याला पुरतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच गार होतो. त्यामुळे जेवायला आम्ही पाळीपाळीनं जायचो. एक धाब्यात, एक गाडीपाशी.

दुसरी अडचण पंढरपूरच्या अलीकडे, अंधार पडताना. मागचं टायर फुटलं. बार उडाल्यासारखा आवाज झाला. गाडी बाजूला घेऊन अण्णांनी मागचं दार उघडलं तोच हरण्या मानेचा पट्टा सोडवून बाहेर. या जातीचं डोकं मानेपेक्षा फार मोठं नसतं, घाबरून मागे रेटा दिला की पट्टा टोपीसारखा निघतो. समोर दोन्ही बाजूंना डोक्याएवढा ऊस. हरण्या उसात शिरला.

अण्णा हाका मारत होते. दोन वर्षांत त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. मी टायर सोडलं, बगळीला घेतलं, मोबाइलचा उजेड लावला. उसात उजेड दोन फुटांवर संपतो. अर्ध्या तासानं लांबून कुत्र्यांचं भांडण ऐकू आलं. त्या आवाजाच्या रोखानं बांधाबांधानं गेलो.

तिथे ऊसतोड कामगारांची टोळी उतरली होती. दहा-बारा कोप्या, दोन ट्रॅक्टर, ट्रॉल्या, चुली पेटलेल्या. मराठवाड्यातल्या कुणालाही हे चित्र सांगावं लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडची गावं अर्धी रिकामी होतात. घरातलं पातेलं, पिठाचा डबा, शेळी, कोंबड्या, लेकरं आणि कुत्रं ट्रॉलीवर चढवून माणसं कारखान्याला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, सहा महिने ती फेडायची. ट्रॉलीच्या दांडीला बांधलेलं कुत्रं मी लहानपणापासून बघत आले. घर घेऊन प्रवास करणं आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मी लोकांना 'व्हॅनलाइफ' म्हणून सांगायचे त्याला आमची शेजारीण एका शब्दात म्हणाली होती, "म्हंजी कारखान्यालाच."

हरण्या आणि टोळीतलं एक काळं कुत्रं एकमेकांच्या मानेला लागले होते. सात-आठ वर्षांचा एक पोरगा काळ्याला मागून ओढत होता. अण्णा थेट मधे घुसले. भांडण सुटलं तेव्हा अण्णांच्या अंगठ्याच्या मुळाशी दात रुतला होता आणि पोराच्या मनगटातून रक्त येत होतं. कुणाचा दात कुणाला लागला, अंधारात कुणीच सांगू शकत नव्हतं.

पोराची आई हळद आणायला निघाली होती. मी साबण मागितला. टँकरच्या नळाखाली दोघांचे हात घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुतले. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण लक्षणं दिसायच्या आधी उपचार झाले तर तो टळतो. वाहत्या पाण्यात साबणानं जखम धुणं ही त्याची पहिली पायरी. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. हरण्याचं लसीकरण झालेलं होतं. काळ्याचं नव्हतं.

"कुठलं गाव?" अण्णांनी हात धुता धुता विचारलं.

"केजकडलं," ती म्हणाली. "तुमी?"

"कळंब."

मांजरा नदीच्या अल्याड-पल्याड. धनेगावच्या धरणाचं पाणी दोन्हीकडे. मग कोण कुठल्या भावकीतलं ते सुरू झालं, आणि अण्णा बोलत राहिले. टोळीतल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं आमचं टायर बदलून दिलं. पैसे घेतले नाहीत.

सकाळी पोराला आणि त्याच्या आईला आमच्याच गाडीत घेऊन सरकारी दवाखाना गाठला. रक्त आलेलं असल्यानं जखमेत सीरम आणि दंडात लस. डॉक्टरांनी कार्डावर तारखा लिहून दिल्या. आजचा दिवस शून्य, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. शिवाय काळ्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. चावला तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज असेल, तर तेवढ्या दिवसांत ते आजारी पडतं किंवा मरतं.

परत येताना ती बाई कार्ड उलटसुलट करून बघत होती. म्हणाली, "तीन डाव यायचं म्हंजी तीन खाडे." एक दिवस कोयता चालला नाही की खाडा, त्याचे पैसे हिशोबातून कापले जातात. माझ्या टीममध्ये मी मॅनेजरला 'वडिलांना दवाखान्यात नेतेय' एवढा मेसेज टाकला होता आणि त्यावर एक अंगठा आला होता. तिला मी काय बोलणार? मी दवाखान्याचा आणि माझा नंबर मुकादमाच्या फोनमध्ये टाकला. अण्णांनी खिशातली वही काढली. ड्यूटीच्या काळातली सवय, किलोमीटर आणि डिझेल लिहायचं पान. त्यावर त्यांनी दोन रांगा केल्या. एका रांगेत स्वतःच्या तारखा, दुसरीत त्या पोराच्या.

तिथून पुढचा आमचा प्रवास नकाशावर नाही, कार्डावर ठरला. तिसरा दिवस कोल्हापूर. सकाळी रांगेत इंजेक्शन, मग गाडीत बसून माझं स्टँड-अप. सातवा दिवस रत्नागिरी. मधे आंबा घाट. मी चालवत होते, अण्णा डाव्या सीटवर हात छातीशी धरून. "ज्या गेरात चढली असती त्याच गेरात उतरव. बिरेकवर पाय ठिवून बसू नको, इंजनाला धरू दे." उतारावर सारखा ब्रेक दाबला की तो तापतो आणि ऐनवेळी धरत नाही, हे मी वाचलेलं होतं. त्यांनी ते ३१ वर्षं पायानं केलं होतं. घाटभर ते मला वळणं सांगत होते. हा घाट त्यांनी याआधी कधीही बघितलेला नव्हता.

समुद्रावर हरण्या सुसाट सुटला, या वेळी छातीच्या पट्ट्यावर लांब दोरीला. बगळी खारं पाणी प्यायली आणि रात्रभर जुलाब. गोडं पाणी थोडं थोडं पाजत राहिलो, सकाळी डॉक्टरकडे नेलं, सावरली. अण्णा वाळूत बसून होते. वहीत त्यांनी फक्त 'रत्नागिरी' लिहिलं आणि किलोमीटर.

तिसऱ्या आणि सातव्या दिवशी अण्णांनी स्वतः मुकादमाला फोन लावला. एरवी फोन न उचलणारा माणूस. एकदा लागला नाही, एकदा मुकादम म्हणाला, बघतो. दहाव्या दिवशी आम्ही परतीच्या वाटेवर तिथे थांबलो, तर शिवार मोकळं. ऊस तुटला होता, टोळी हलली होती. कोप्यांच्या जागी चुलीचे काळे डाग. चाकांवरचं घर शोधायला चाकांवरचं घर निघालं. विचारत विचारत संध्याकाळी सापडली, दोन गावं पलीकडे.

काळं कुत्रं ट्रॉलीखाली बांधलेलं होतं. आम्हाला बघून उठलं आणि भुंकलं. त्या भुंकण्यानं मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. ती बाई कोपीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड घेऊन आली. तिसऱ्या दिवसाची खूण होती. सातव्याची होती, पण एक दिवस उशिरानं. कारखान्याला जाणाऱ्या ट्रॅक्टरवर बसून ती पोराला घेऊन गेली होती, भरलेल्या उसाच्या ट्रॉलीसोबत. खाडे दोन. काळ्याला आणि टोळीतल्या बाकी कुत्र्यांना लस द्यायला कुणी येईल का, हे विचारायला मी जनावरांच्या दवाखान्याचा १९६२ हा नंबर दिला. ट्रॅक्टरवाल्यानं तो ट्रॉलीच्या फळीवर खडूनं लिहून ठेवला.

काळं कुत्रं धडधाकट होतं, तरी डॉक्टरांनी दोघांनाही अठ्ठाविसाव्या दिवसाची लस पुरी करायला सांगितली होती. आम्ही कळंबला आलो. मी पुण्याला जायचं लांबवलं. अण्णांना मी पुन्हा विचारलं नाही, येता का म्हणून. त्या दोन आठवड्यांत त्यांनी व्हॅनचं तेल बदललं, फळीला बिजागऱ्या लावल्या, आणि हरण्यासाठी छातीचा पट्टा कळंबच्या चांभाराकडून मापानं शिवून घेतला. जेवताना एकदा म्हणाले, "उन्हाळ्यात नको. मिरगानंतर बघू, पुण्याकडंच जाऊ. म्हैनाभर." एसटीत जी गाडी रात्री गावात मुक्काम करून सकाळी परत निघते, तिला वस्तीची गाडी म्हणतात. माझ्या दारात उभी राहायची ती आता तसलीच गाडी असेल. परतीचं गाव ठरलेलं, घरमालकाला विचारावं लागणार नाही असं.

अठ्ठाविसाव्या दिवशी कळंबच्या सरकारी दवाखान्यात अण्णांनी बाही वर केली, सुई घेतली आणि बाहेर येऊन बाकावर बसूनच फोन लावला. मुकादमानं बाईला दिला. मला फक्त अण्णांचं ऐकू येत होतं.

"हां. झालं का?" मग बराच वेळ ते ऐकत राहिले. "बरं. बरं. आणि काळ्या?"

त्यांनी वही काढली आणि दुसऱ्या रांगेतली शेवटची तारीख खोडली.