पाल चुकचुकली

मनात शंकेची पाल चुकचुकते, असे आपण नेहमी म्हणतो. माझी पाल मनात नव्हती. ती संगणकात होती.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला रविवार. मी दुसऱ्यांदा चहा मागण्याचे धैर्य गोळा करीत पेपरामागे बसलो होतो. बाहेरच्या खोलीतल्या टेबलाकडून आवाज आला, "टक्... टक्... टक्... खर्र." सौभाग्यवतीने स्वयंपाकघरातूनच ओट्यावर टिचकी मारून "कृष्ण कृष्ण" म्हटले. पाच मिनिटांनी पुन्हा "टक्... टक्... टक्... खर्र." पुन्हा "कृष्ण कृष्ण". असे सात-आठ वेळा झाल्यावर, एवढी बडबडी पाल असणे शक्य नाही, असे तिचे मत पडले आणि तिने मला उठवले. पाल शोधायला मी टेबलाखाली वाकलो, तर आवाज डब्यातून येत होता. पडद्यावर काळ्या पाटीवर दोन ओळी इंग्रजी मजकूर होता. बँकेत असल्यामुळे इंग्रजी मजकुराला मी घाबरत नाही. मी तो वाचत नाही, एवढेच.

आमच्या डोंबिवलीत दर चौथ्या इमारतीत एक संगणक दुरुस्त करणारा मुलगा राहतो. आमच्या इमारतीच्या वाट्याला आलेला मुलगा दुपारी आला. त्याने डब्याला कान लावला, झाकण काढले, बंद-चालू करून पाहिले आणि अतिदक्षता विभागाच्या दारात येऊन डॉक्टर बोलतात त्या सुरात म्हणाला, "काका, हार्ड डिस्क गेली."

मराठी भाषेत 'गेली' हा शब्द फार वाईट. वीज गेली तर येते, गाडी गेली तर दुसरी मिळते, पण असे मान खाली घालून कोणी 'गेली' म्हटले, की पुढे "किती वाजता?" एवढेच विचारायचे बाकी राहते.

"आता?"

"नवीन टाकू. तीन हजारात मशीन चकाचक. पहिल्यापेक्षा फास्ट पळेल."

"आणि जुन्यातलं?"

"बॅकअप असेल ना?"

इथे मला स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे. मी बँकेत कारकून आहे. प्रत काढून ठेवणे हा माझा नुसता व्यवसाय नाही, तो माझा स्वभाव आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेचा सगळा हिशेब शाखेतल्याच एका यंत्रात असे. रोज संध्याकाळी दिवसाचे काम मिटले, की त्याची प्रत टेपवर घ्यायची. एक टेप आगीने जळणार नाही अशा कपाटात, आणि दुसरी जवळच्या दुसऱ्या शाखेत, म्हणजे आमची शाखा जळली, बुडाली किंवा चोरांनी उचलून नेली तरी खातेदाराचे तेरा रुपये चाळीस पैसे सुखरूप राहावेत. ती दुसरी टेप पोचवण्याचे काम नव्या पोराकडे, म्हणजे माझ्याकडे होते. दोन वर्षे मी ती जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून नेली. भेंडीच्या भाजीचा वास येणारी ती बहुधा देशातली एकमेव टेप असावी. पुढे सगळ्या शाखा एका मोठ्या संगणकाला जोडल्या गेल्या आणि माझी पिशवी हलकी झाली. पण वळण तेच राहिले. ऐंशी वर्षांच्या पेन्शनरांना मी एका झेरॉक्ससाठी जिना उतरायला लावले आहे. "आजोबा, आपल्याजवळ एक प्रत असावी नेहमी," असे वर त्यांना ऐकवलेही आहे.

त्या मुलाला मी उत्तर दिले, "नाही."

हा संगणक आम्ही २०१२ च्या दिवाळीत घेतला. पाचशे जीबीची डिस्क. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, आयुष्यभर भरणार नाही." खरेच भरली नाही. कॅमेऱ्यातले, जुन्या मोबाइलमधले, लग्नातले, बारशातले, माथेरानचे, सगळे फोटो आम्ही तिच्यात ओतत गेलो आणि मूळ ठिकाणचे पुसत गेलो, कारण तिथे जागा हवी होती. म्हणजे सगळ्या ठेवी एकाच बँकेत आणि त्या बँकेला विमा नाही! हे मला कळायला हवे होते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे.

संध्याकाळपर्यंत ही बातमी इमारतीत पसरली आणि लोक भेटायला येऊ लागले. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त रेल्वेवाले म्हणाले, "एक सणसणीत चापट द्या, चालू होईल. आमचा रेडिओ असाच चालायचा." पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, यंत्राला दृष्ट लागते. शेजारच्या काकांचा पुतण्या अमेरिकेत असल्यामुळे त्यांच्या सल्ल्याला वजन असते. ते खालच्या आवाजात म्हणाले, "प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी काढली की तासभर चालते. तेवढ्यात काय ते काढून घ्यायचं."

मला हे पटले. मी पिशवीही शोधली. पण आमच्या फ्रीजरचे सर्व हक्क राखीव आहेत.

"अहो, पाच किलो मटार सोलून ठेवलेत त्यात. त्याला हलवायचं नाही."

"अगं, पण त्यात सगळे फोटो आहेत."

"आणि ह्यात वर्षाचे मटार आहेत."

मटार जिंकले. पुढे कळले, की हा उपाय घातक. गार डिस्क बाहेर काढली, की तिच्यावर दंव धरते आणि होते नव्हते ते पाण्यात जाते. माझी डिस्क मटारांनी वाचवली, हे सौभाग्यवती अजून आल्यागेल्याला सांगते.

आता त्या डिस्कमध्ये असे काय होते, ते सांगतो. फोटो होते, बिले होती. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर आम्हा दोघांनाही जे आठवले आणि दोघांनीही एकमेकांना सांगितले नाही, ते अण्णा होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. २०१९ साली गेले. (हा तो दुसरा 'गेले'.) अण्णांचा आयुष्यभराचा उद्योग म्हणजे घरातला पंखा बंद करणे. खोलीत माणूस असो वा नसो. दिवा, पंखा, गिझर आणि २०१२ नंतर संगणक, हे त्यांचे शत्रू. "किती वीज खातो हा?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी विंडोज बंद होण्याची वाट पाहत उभा असलो, की ते सरळ भिंतीवरचे बटण खाली ओढायचे आणि "झालं बंद!" म्हणायचे. अशाने फायली बिघडतात, असे मी त्यांना दहादा सांगितले. "मग एवढ्या नाजूक फायली ठेवायच्याच कशाला?" असे ते म्हणायचे.

त्यांच्या स्वतःच्या फायली नाजूक नव्हत्या. १९७१ पासूनच्या त्यांच्या हिशेबाच्या वह्या माळ्यावर आहेत. एका कोपऱ्याला वाळवी लागली तेवढीच. "वांगी पाव किलो, ३० पैसे, महाग वाटली" हे आजही स्वच्छ वाचता येते. वही उघडायला कोणाला बोलवावे लागत नाही.

फोटोत अण्णा पुष्कळ आहेत. सगळ्यांत पासपोर्ट काढायला बसल्यासारखे. पण त्यांचा आवाज कोणी धरून ठेवला नव्हता. एकच तुकडा होता. चिरंजीवांच्या चौथ्या वाढदिवसाचा, २०१४ सालचा. तो त्या डिस्कमध्ये होता आणि दुसरीकडे कुठेच नव्हता.

पुढच्या शनिवारी बँकेला सुट्टी होती. मी डिस्क टॉवेलमध्ये गुंडाळून, मांडीवर घेऊन लॅमिंग्टन रोडला निघालो. पालिकेच्या पाटीवर त्या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण संगणकाचे दुखणे घेऊन निघालेला माणूस लॅमिंग्टन रोडच विचारतो. दादरला गाडी बदलताना एका बाईंनी टॉवेलकडे पाहून मला बसायला जागा दिली. मी ती घेतली. खुलासा केला नाही.

चिरंजीव बरोबर होते. वय पंधरा, म्हणजे सर्वज्ञ. वाटेत त्यांनी माहिती पुरवली, की पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आयबीएमने बाजारात आणली. तिच्यात प्रत्येकी दोन फूट व्यासाच्या ५० ताटल्या होत्या, सगळ्या यंत्राचे वजन टनभर आणि साठवण सुमारे ५० लाख अक्षरे. "म्हणजे बाबा, तुमच्या आताच्या मोबाइलचा एक फोटो." टनभराची डिस्क मांडीवर घेऊन डोंबिवलीहून दादरपर्यंत यावे लागले असते, या विचाराने मला प्रगतीबद्दल आदर वाटला.

दुरुस्तीचे ठिकाण दुसऱ्या मजल्यावर होते. तिथल्या तंत्रज्ञाने मला काचेच्या पेटीतली उघडी डिस्क दाखवली. आरशासारखी चकचकीत ताटली आणि तिच्यावर एक इवलासा हात. ताटली मिनिटाला ७२०० वेळा फिरते. हाताच्या टोकाला असते ते वाचणारे हेड. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. हे मात्र टेकत नाही. ताटलीच्या वेगाने जो वारा उठतो, त्यावर ते तरंगते, केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी अंतरावर.

मला माझी आजी आठवली. सोवळ्यात असताना ती अख्ख्या घरातून अशीच जायची. सगळ्यांच्या इतक्या जवळून, की वारा लागावा. पण शिवायची नाही कोणाला.

"आणि शिवलं तर?" मी विचारले.

"ओरखडा. तुमचं हेड खराब झालंय. ते जागा शोधतं, सापडत नाही, परत मागे येतं. तोच तो टकटक आवाज. किती वेळ चालू ठेवली होती?"

सात-आठ "कृष्ण कृष्ण" एवढा वेळ, असे सांगणे मला बरे वाटले नाही.

इलाज असा, की अगदी त्याच कंपनीची, त्याच जातीची, शक्य तर त्याच सुमाराला बनलेली चांगली डिस्क शोधायची, धूळ नसलेल्या खोलीत तिचे हेड काढायचे आणि माझ्या डिस्कला लावायचे. म्हणजे दाता शोधायचा, रक्तगट जुळवायचा. खर्च बावीस हजार. काही निघाले नाही तर पैसे नाहीत. मी घरी फोन लावला. नवीन फ्रीजसाठी आम्ही अठरा हजार बाजूला ठेवले होते, आणि ते माझ्या नाही, तिच्या खात्यात होते. मी आकडा सांगितला. पलीकडे थोडा वेळ कुकरची शिट्टी ऐकू आली.

"चार हजार तुम्ही घाला," ती म्हणाली.

मी अर्ज भरला. काउंटरवरचा मुलगा अर्ज उलटसुलट पाहून म्हणाला, "आधारची झेरॉक्स, दोन प्रती."

माझ्याजवळ एकच होती.

"खाली गल्लीत काढून मिळेल," तो म्हणाला, आणि मग माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून समजुतीने, "अंकल, एक्स्ट्रा ठेवायची नेहमी."

मी दोन जिने उतरलो. उतरताना मला आमच्या शाखेतले सगळे पेन्शनर ओळीने दिसले.

तीन आठवड्यांनी फोन आला. बरेचसे निघाले होते. मात्र फायलींच्या नावांची यादी जिथे होती, नेमका तोच भाग ओरखडला होता. त्यामुळे माल आला, पण चिठ्ठ्या गळून. 'माथेरान', 'बारसे', 'ताईकडे गणपती' यांच्या जागी नुसते आकडे, अकरा हजारांच्या वर. बँकेत अशी वेळ आली असती तर मी चौकशी समिती मागितली असती. घरी मी रविवारी सकाळी बसून एकेक फाईल उघडू लागलो.

तीन रविवार गेले. मेहुणीच्या लग्नाच्या माहितीपत्रकाचे सहा मसुदे निघाले. पहिल्यात ती 'गोरी', सहाव्यात 'निमगोरी व मनमिळाऊ'. विजेची बिले निघाली. कोणाच्या तरी अंगठ्याचे त्रेचाळीस फोटो निघाले. एका फोटोत आमच्या आईच्या हातचा फराळ मांडलेला होता आणि ताटाच्या कडेला बारीक केस असलेला मी. हा माणूस कोण, असे चिरंजीवांनी प्रामाणिकपणे विचारले.

तिसऱ्या रविवारी, एप्रिल अर्धा उलटला होता. दुपारची वेळ. ७३१२ नंबरची फाईल उघडली तर पडद्यावर नुसते हिरवे-जांभळे चौकोन हलत होते. चित्र गेले होते. मी ती बंद करणार, एवढ्यात आवाज आला. टाळ्या. बेसूर 'हॅपी बर्थडे'. काडी ओढल्याचा आवाज. पुन्हा काडी. मेणबत्ती राहात नव्हती. ताई म्हणाली, "अगं, विझतेय सारखी." तिसरी काडी. आणि मग लांबून, बहुधा आतल्या खोलीच्या दारातून:

"अरे, पंखा कशाला चालू ठेवलाय? बंद करा आधी तो!"

चिरंजीव मोबाइलमधून मान वर करून पाहू लागले. मी माउसवरचा हात तसाच ठेवला. स्वयंपाकघरातून सौभाग्यवती पदराला हात पुसत बाहेर आली, पंख्याचे बटण खाली केले आणि तशीच उभी राहिली. आपण काय केले, हे तिला बहुधा मागाहून कळले असावे.

मी तो तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा. चिरंजीवांनी न सांगता त्याच्या तीन प्रती काढायला घेतल्या: एक मोबाइलवर, एक पेन ड्राइव्हवर, एक रत्नागिरीला ताईकडे. एप्रिलची डोंबिवली ती. आम्ही तिघेही घामाने निथळत होतो, आणि पंखा बंद होता.